अवजार निर्दोष, नाव बदनाम

दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम घरी मुद्रित करून सवडीने पाहणे बेकायदा नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनीच्या 'बेटामॅक्स' खटल्यात पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने दिला. ज्या यंत्राचा वैध उपयोग लक्षणीय आहे, त्याच्या गैरवापराचे खापर केवळ विक्रीमुळे विक्रेत्यावर फोडता येत नाही, हे त्यामागील सूत्र.

२०१४ पर्यंत 'एक्सबीएमसी' या नावाने ओळखले जाणारे 'कोडी' हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर याच परंपरेतील. ट्यूनर व पूरक सॉफ्टवेअरची जोड दिली की त्यावर वाहिन्या पाहता येतात, मुद्रितही करता येतात. कोडी स्वतः कोणताही कार्यक्रम पुरवत नाही. मात्र चोरट्या प्रक्षेपणाचे 'अॅड-ऑन' आधीच भरलेले टीव्ही बॉक्स त्याच्या नावावर विकले गेले आणि नाव बदनाम झाले. अॅमेझॉनने २०१५ मध्ये कोडीला आपल्या अॅप स्टोअरमधून हटवले.

युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये अशा बॉक्सची विक्री हा स्वामित्वहक्काचा भंग ठरवला. पण ठपका ठेवला तो जाणूनबुजून चोरवाट दाखवणाऱ्या विक्रेत्यावर, निव्वळ सॉफ्टवेअरवर नव्हे.

कायदा करतो तो हा विवेक बाजारपेठ करत नाही, हीच खरी अडचण आहे. सुक्याबरोबर ओलेही जळत राहिले, तर झळ पोहोचेल ती प्रामाणिक प्रेक्षकाने १९८४ मध्ये मिळवलेल्या हक्काला.