सरकार परत आलं, राखीव जागा कुठाय?



1991 च्या जुलैत नवं औद्योगिक धोरण आलं. आपल्याला सांगितलं गेलं, कारखाने चालवणं सरकारचं काम नाही, बाजार बघून घेईल. मग सरकारी कंपन्यांचे शेअर विकायला काढले, भरती आटली, झाडूवाल्यापासून शिपायापर्यंतची कामं ठेकेदाराच्या खिशात गेली. सरकार कारखान्यातनं बाहेर पडलं तशा आपल्या राखीव जागाही बाहेर पडल्या. कारण घटनेचं 16(4) कलम खाजगी मालकाच्या गेटावर थांबतं.

आता गंमत बघा. तेच सरकार परत आलंय. थैली घेऊन.

2020 साली केंद्रानं उत्पादनावर प्रोत्साहन देणारी योजना काढली. 14 क्षेत्रं, 1 लाख 97 हजार कोटी रुपये. 2021 साली चिपच्या कारखान्यांसाठी आणखी 76 हजार कोटी. साणंदच्या मायक्रॉनचा प्रकल्प 2.75 अब्ज डॉलरचा. त्यात निम्मा वाटा केंद्राचा, 20 टक्के गुजरात सरकारचा. म्हणजे रुपयातले सत्तर पैसे जनतेचे, आणि गेटावर पाटी मालकाची! अमेरिकेनंही 2022 साली कायदा करून चिपसाठी 52 अब्ज डॉलर ओतले. बाजाराचे सगळे पुजारी आज सरकारच्या दारात रांगेत उभे आहेत.

सरकारनं उद्योगात उतरू नये असं आपण कधीच म्हटलं नाही. 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनीच मागितलं होतं, मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे करा, शेतीसुद्धा सरकारी उद्योग करा. सरकारनं अंग काढलं की मोकळीक मिळते ती मालकाला, आणि कामगाराच्या मानेवर मालकाचं राज्य बसतं, हा त्यांचा मुद्दा. त्यांना मालकी जनतेची हवी होती. आजचं धोरण काय आहे? पैसा जनतेचा, मालकी शेठची.

आटगावच्या माणसाला हे शिकवायला नको. तानसा धरण 1892 सालचं. पुढं भातसा झालं. पाणी मुंबईला गेलं, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर बाया टँकरची वाट बघतात. 1964 साली राज्यानं मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्याबाहेर कारखाना काढणाऱ्याला सवलती देणारी प्रोत्साहन योजना आणली. त्याच 1964 च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर भूमिहीन माणूस पडीक जमीन मागत तुरुंगात गेला. एकाच वर्षी मालकाला सवलत, आपल्याला कोठडी.

समृद्धी महामार्ग याच तालुक्यातनं गेला. 31 जुलै-1 ऑगस्ट 2023 च्या रात्री सरलांब्याला पुलाचं काम चालू असताना गर्डर कोसळला, 20 माणसं मेली. रस्ता सरकारी. मेलेले मात्र ठेकेदाराचे!

आपण खाजगीत आरक्षण मागितलं की यांना गुणवत्ता आठवते. मग अनुदान घेताना ती गुणवत्ता कुठं जाते? अनुदान म्हणजे मालकाचं आरक्षणच. त्याला क्रिमी लेयर कुणी लावत नाही.

म्हणे मालकावर अटी घालता येत नाहीत. का नाही? अमेरिकेनं चिपसाठी 15 कोटी डॉलरच्या वर मागणाऱ्या कंपन्यांना 2023 साली सांगितलं, आधी कामगारांच्या मुलांच्या पाळणाघराची योजना दाखवा. आपल्या राज्याच्या प्रोत्साहन योजनेतही 80 टक्के स्थानिकांची अट आहेच. पण त्या 80 टक्क्यांत बौद्ध किती, कातकरी-ठाकूर किती, बाया किती? आणि ठेकेदाराचा माणूस मोजायचा कुणी? वीटभट्टीवर उचल घेऊन राबणारा कातकरी गेटाच्या आत येतो तेव्हाही तो रोजंदारच. गेट बदललं, जिणं तेच.

म्हणून मागणी साधी आहे. जिथं सरकारचा पैसा, तिथं राखीव जागा. जिथं सवलत, तिथं कायम नोकरी. ठेकेदाराच्या रजिस्टरातला माणूस कारखान्याच्या रजिस्टरात आला पाहिजे.

नुसत्या घोषणा देऊन घरी जाऊ नका. आटगाव, आसनगाव, मुरबाडच्या कारखान्यांची यादी करा. ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. सवलत कुणाला, किती, बदल्यात कामावर माणसं किती, ते विचारा. उत्तर आलं की ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. नाही आलं तर अपील करा, आणि उत्तर दडवलं हेही ग्रामसभेत मोठ्यानं सांगा.

थैली आपली आहे. हिशेब आपणच मागायचा.

जय भीम!