हेलिअमचे कुळ आणि विजयदुर्गाचे साल

१/७
दर ऑगस्टमध्ये एक संदेश फिरतो : १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलिअमचा शोध लावला. अभिमान वाटावा अशी ही गोष्ट. परंतु ती खरी नाही. माझ्या मते खरी गोष्ट अधिक मोलाची आहे.

२/७
त्या दिवशीचे खग्रास सूर्यग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिले. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. सूर्यकडेच्या ज्वालांचा वर्णपट त्यांनी तेथूनच, ग्रहणाविना, ऑक्टोबरमध्ये टिपला. त्यातील एक पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. त्या अज्ञात मूलद्रव्यास सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलिअम म्हटले गेले. लॉकियर विजयदुर्गास आले खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी!

३/७
मधली तीस वर्षे महत्त्वाची आहेत. १८६९ मध्ये मेंडेलीव्ह यांनी आवर्त सारणी मांडली. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम एका कुळातले. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन दुसऱ्या. रिकाम्या ठेवलेल्या जागी पुढे गॅलिअम, स्कँडिअम, जर्मेनिअम येऊन बसले. मात्र हेलिअमसाठी जागाच नव्हती, कारण त्याचे संपूर्ण कुळच अज्ञात होते.

४/७
१८९४ मध्ये रॅले आणि रॅम्झी यांना हवेत अरगॉन सापडला. तो कशाशीही संयोग पावेना. अणुवस्तुमान पोटॅशिअमहून किंचित अधिक, त्यामुळे सारणीत बसेना. हा तीन अणूंचा नायट्रोजन असावा, अशी शंका खुद्द मेंडेलीव्ह यांनी घेतली.

५/७
१८९५ मध्ये रॅम्झी यांना युरेनिअमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा दिसली. हेलिअम पृथ्वीवर सापडला! एकाचे दोन झाले, तेव्हा कुळाचा विचार सुरू झाला. या दोहोंमध्ये आणखी एक वायू असला पाहिजे, असे रॅम्झी यांनी १८९७ मध्ये टोरांटो येथील भाषणात सांगितले. १८९८ मध्ये त्यांनी व ट्रॅव्हर्स यांनी क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन शोधले. सारणी मोडली नाही; तिच्यात एक उभा स्तंभ वाढला. आज तो अठरावा गण, राजवायूंचा.

६/७
म्हणून मला वाटते, 'शोध कोणी, कोठे, कोणत्या दिवशी लावला' हा प्रश्नच अपुरा आहे. रेषा दिसणे ही सुरुवात होती. हेलिअमची ओळख पटली ती त्याचे भाऊबंद सापडल्यावर. एका तारखेत हा इतिहास कोंबला, की रॅम्झी यांचे तर्कशास्त्र आणि मेंडेलीव्ह यांची शंका, दोन्ही हरवतात.

७/७
विजयदुर्गाचे यात काही उणे होत नाही. ज्या वर्षी हेलिअमचे कुळ पूर्णत्वाकडे निघाले, त्याच वर्षी हेलिअमला सूर्यात पाहणारा माणूस या किल्ल्यावर सूर्य न्याहाळत होता. हे सत्य पुरेसे सुंदर आहे. पुढच्या ऑगस्टमध्ये तो संदेश आला, तर पुढे पाठवण्याआधी साल तेवढे दुरुस्त करा.