ताटापुरता समुद्रप्रवास

३१ मे १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी 'पेनिन्शुलर' या आगबोटीने मुंबई सोडली. कोलंबो, पिनांग, सिंगापूर, हाँगकाँग अशी बंदरे घेत ते जपानला पोहोचले आणि योकोहामाहून 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या जहाजाने पॅसिफिक ओलांडून पलीकडे उतरले. या दुसऱ्या जहाजावर जमशेटजी टाटा त्यांचे सहप्रवासी होते. पुढे पाच वर्षांनी, नोव्हेंबर १८९८ मध्ये, टाटांनी स्वामीजींना जे पत्र लिहिले त्याचा आरंभच या सहप्रवासाच्या स्मरणाने होतो. विज्ञान-संशोधनाची एक संस्था उभारण्याच्या कामी त्यांनी स्वामीजींचे साह्य मागितले होते. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली ती त्याच संकल्पातून. जहाजावरचा शेजार कोठवर पोहोचू शकतो, हे यावरून दिसते.

स्वामीजींनी घेतलेली तीच बंदरे आज पर्यटन-कंपन्यांच्या रंगीत पुस्तिकांत झळकत असतात. 'स्टार क्रूझेस' ही कंपनी १९९३ मध्ये, म्हणजे त्या प्रवासाला बरोबर शंभर वर्षे झाली त्या वर्षी स्थापन झाली. तिच्या 'सुपरस्टार व्हर्गो'ने सिंगापूरहून हजारो मराठी कुटुंबांना दोन-तीन रात्रींचा समुद्र दाखविला. २००५ मध्ये तिचे 'सुपरस्टार लिब्रा' खुद्द मुंबईच्या धक्क्याला लागले. महासाथीने या धंद्याचे कंबरडे मोडले आणि जानेवारी २०२२ मध्ये तिची मूळ कंपनी 'जेंटिंग हाँगकाँग' दिवाळखोरीत गेली. पण त्याच वर्षीच्या जूनमध्ये 'जेंटिंग ड्रीम' हे जहाज नव्या कंपनीच्या नावाने सिंगापूरहून पुन्हा निघाले. सिंगापूर-मलेशिया-थायलंडच्या सहलीत 'क्रूझ' ही आता चैन राहिलेली नाही. नाशिकचा निवृत्त शिक्षक आणि इचलकरंजीचा यंत्रमागधारक या दोघांनाही ती परवडू लागली आहे. ही आनंदाचीच गोष्ट आहे. समुद्रगमनाला पातक मानणाऱ्या समाजाने एवढा पल्ला गाठला, याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या प्रवासातून माणूस काय घेऊन परत येतो, याचा.

खाण्याची अडचण बरीचशी सुटली आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा तरुण मुंबईहून 'क्लाइड' बोटीने विलायतेस निघाला, तेव्हा काटे-चमचे कसे धरावेत हे त्याला ठाऊक नव्हते आणि कोणता पदार्थ बिनमांसाचा हे इंग्रजीत विचारण्याचे धैर्य नव्हते. त्याने भोजनगृहाकडे पाठ फिरवली आणि घरून आणलेली मिठाई व फळे केबिनमध्ये बसून खाल्ली. आजच्या प्रवाशाला दार लावून लाडू खावे लागत नाहीत. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांवर शाकाहारी भारतीय जेवण मिळते. 'जेंटिंग ड्रीम'वर तर मुसलमान प्रवाशांसाठी प्रमाणित हलाल स्वयंपाक आणि भारतीयांसाठी जैन-शाकाहारी स्वयंपाक अशी दोन्ही व्यवस्था आहे. हे कोणाचे उपकार नव्हेत. भारतीय ग्राहक मोठ्या संख्येने आला, त्याने ठामपणे मागितले आणि कंपन्यांनी दिले.

मात्र याच ताटाचे हळूहळू कुंपण झाले आहे. जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीतून चालले आहे, दोन्ही बाजूंना सहस्र वर्षांच्या व्यापाराचा इतिहास पसरला आहे, आणि मराठी मंडळी सकाळ-संध्याकाळ एकाच खिडकीपुढे पनीर आणि जिरा राइस यांच्या रांगेत उभी आहेत! गंमत अशी की ते ताटही त्यांचे नव्हे. 'भारतीय' या नावाखाली तेथे जे मिळते ते बहुधा उत्तरेकडचे, लाल रश्शात बुडालेले असते. भरली वांगी नाहीत, पिठले नाही, आमटी नाही. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. शेजारच्या टेबलावर काय आहे, याकडे मात्र नाक मुरडून पाहिले जाते.

तेथे खरोखर काय असते? जपानमध्ये झेन मठांतून वाढलेली 'शोजिन र्‍योरी' नावाची पाकपरंपरा आहे. तीत मांस-मासे वर्ज्य आहेतच, शिवाय कांदा, लसूण यांसारख्या उग्र भाज्याही वर्ज्य आहेत. चिनी बौद्धांच्या शाकाहाराचा नियम हाच. सिंगापूरहून निघणारी जहाजे ज्या फुकेत बंदराला लागतात, तेथे चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस शाकाहाराचे व्रत पाळले जाते. दुकानांवर पिवळी निशाणे लागतात आणि त्या खुणेखाली मिळणाऱ्या अन्नात कांदा-लसूणही नसतो. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या मराठी घराला हे व्रत परके वाटावे काय? (जैन प्रवाशाने एक भेद ध्यानात ठेवावा : कंदमुळांचा निषेध तिकडे नाही.) जहाजावर पलीकडच्या टेबलाशी बसलेली एखादी चिनी आजीबाई कदाचित हेच व्रत पाळत असेल, आणि सांगलीच्या आजीबाई तिच्याकडे 'ही काहीही खाणारी' अशा नजरेने पाहत असतील!

उलट जे निर्धोक वाटते ते तसे नसते. जपानी मिसो सूपचा आधार बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. चिनी 'भाज्यांच्या' पदार्थात कालवांचे सॉस पडलेले असते. मलय सांबालमध्ये 'बेलाचान' म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो. तेव्हा केवळ 'व्हेज' हा एक शब्द तोंडात धरून व्रत सांभाळता येत नाही; विचारावे लागते, आणि विचारण्यासाठी दोन शब्द यावे लागतात. म्हणजे जेवण आणि भाषा हे दोन निराळे विषय नाहीतच.

आणि भाषा तरी किती परकी? या जहाजांवर वाढणारे हात पुष्कळदा इंडोनेशियाचे असतात. त्या वाढप्याच्या बोलीत भाषेला 'बहासा' म्हणतात, समुद्राला 'समुदेरा', चवीला 'रासा', मधाला 'मादू', उपवासाला 'पुआसा'. साखरेला 'गुला' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'गुड' या शब्दापासून आला, ज्यापासून मराठीचा गूळ आला. मलयमध्ये बंदराच्या गावाला 'बंडार' आणि जहाजाच्या धन्याला 'नाखोडा' म्हणतात. कोकणातले बंदर आणि कोळीवाड्यातला नाखवा यांचाच हा गोतावळा. हे दोन शब्द फारसीतून अरबी समुद्राच्या वाटेने दोन्हीकडे गेले. पिनांगचा प्रसिद्ध 'नासी कांदार' हा भात तमिळ मुसलमान फेरीवाले खांद्यावरच्या कावडीतून विकीत, त्या कावडीवरून त्याचे नाव पडले. एका शब्दाबाबत मात्र सावध राहावे : मलयमध्ये 'गारम' म्हणजे मीठ. 'गरम' म्हणून पोळी मागणाऱ्याच्या पुढे मीठदाणी आली तर वाढप्यावर रागावू नये.

आशियातील इतर राष्ट्रांनी या बाबतीत काय केले, हे पाहण्यासारखे आहे. इटलीच्या 'कोस्टा' कंपनीने २००६ मध्ये चीनमधून जहाजे चालविण्यास प्रारंभ केला. पुढे दशकभरात पाश्चात्त्य कंपन्यांनी चिनी प्रवाशासाठी उद्घोषणा बदलल्या, खानपान बदलले. चीन तेवढ्यावर थांबला नाही. १ जानेवारी २०२४ रोजी 'अडोरा मॅजिक सिटी' हे चीनमध्येच बांधलेले पहिले मोठे क्रूझ जहाज शांघायहून प्रवासी घेऊन निघाले. जपानची 'आसुका' नावाची जहाजे आधीपासून जपानी प्रवाशाच्या भाषेत आणि रीतीने चालतात. भारतात २०२१ पासून मुंबईहून फिरणारे 'कॉर्डेलिया'चे 'एम्प्रेस' हे जहाज १९९० चे, एका परदेशी कंपनीने वापरून झालेले. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर आलेल्या जहाजाला कान्होजींचे 'आंग्रिया' हे नाव दिले गेले, याचा अभिमान वाटलाच. पण ते जहाजही मूळचे टोकियो-ओगासावारा मार्गावरची जपानी प्रवासी बोट होती. जहाज ज्याचे, त्याची भाषा त्यावर बोलली जाते.

हा केवळ अभिमानाचा विषय असता तर सोडून देता आला असता. सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार सांगतो की आणीबाणीच्या सूचना केबिनमध्ये 'योग्य त्या भाषांत' लावलेल्या असाव्यात. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' बुडाले, ३२ माणसे दगावली, आणि त्यानंतर नियम कडक झाला : सुरक्षेची कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी झालीच पाहिजे. योग्य भाषा कोणत्या, हे मात्र संख्या आणि मागणी ठरविते. सिंगापूरच्या जहाजांवर इंग्रजी आणि मंदारिन ठळकपणे ऐकू येतात, हिंदी क्वचित, मराठीचा प्रश्नच नाही. मुलाने हौसेने पाठविलेले साताऱ्याकडचे आईवडील त्या कवायतीत उभे असतात. जाकीट कसे बांधावे, कोणत्या मजल्यावर जमावे, लिफ्ट का वापरू नये, यांतले त्यांना किती समजले, हे कोणी विचारीत नाही. सहल-व्यवस्थापक त्या वेळी जेवणाच्या कुपनांची मोजदाद करीत असतो. ज्या समाजाने कांदा-लसणाशिवायची डाळ मागून मिळविली, त्याला दहा ओळींचे सूचनापत्र मागता येत नाही?

एके काळी चित्र उलटे होते. इंग्रजांच्या जहाजांवरील खलाशी मोठ्या संख्येने भारतीय असत. सारंग, टिंडल, सुकाणी, भंडारी ही तेथली पदे. त्यांना हुकूम कळावेत म्हणून गोऱ्या अधिकाऱ्यांना हिंदुस्थानी शिकावी लागे. थॉमस रोबक याने त्यासाठी केलेला नाविक कोश १८११ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्यकर्त्याला ज्यांची भाषा शिकणे भाग पडले, त्यांची नातवंडे-पणतवंडे आज तिकीट काढूनही त्या भाषेत एक सूचना मागत नाहीत.

खलाशांची ती परंपरा तर तुटलेलीही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज करोनामुळे अडकले. त्यावरील ३,७११ माणसांपैकी सातशेहून अधिक बाधित झाली. जहाजावर १३८ भारतीय होते. त्यांत प्रवासी केवळ ६ आणि कर्मचारी १३२. प्रवासी आपापल्या केबिनमध्ये बंद असताना त्यांच्या दारापर्यंत जेवण पोहोचवीत होते ते हे कर्मचारी. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विशेष विमानाने ११९ भारतीय परत आले आणि त्यांच्यासोबत श्रीलंका, नेपाळ, दक्षिण आफ्रिका व पेरू येथील पाच सहकारीही आणले गेले. गोव्यातील कितीतरी घरांचा चरितार्थ अशा नोकऱ्यांवर चालतो. मराठी प्रवासी जहाजावर अशा एखाद्या गोवेकराला हुडकून काढतो खरा. पण बहुतेक वेळा हिरवी मिरची मागण्यापुरता. घरी कोण आहे, किती महिन्यांनी परतणार, दर्यावर सण कसे जातात, हे विचारायला तीन रात्री पुरेशा असतात.

सहप्रवाशांविषयीची नाराजी दोन्हीकडून आहे. भारतीय गट खुर्च्या अडवतात, रांग मोडतात, मोठ्याने बोलतात, असे इतर म्हणतात, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही. चिनी प्रवाशांबद्दलही हेच बोलले जाई. तेथील पर्यटन खात्याने २०१३ मध्ये सभ्य प्रवासाची चौसष्ट पानी पुस्तिकाच काढली. पण खुर्च्या अडविण्यापेक्षा अधिक खटकते ती उदासीनता. १९०६ च्या जूनमध्ये विनायक दामोदर सावरकर 'पर्शिया' बोटीने निघाले, तेव्हा हरनामसिंग नावाचा एक पंजाबी विद्यार्थी घरच्या आठवणीने व्याकूळ होऊन परत फिरण्याच्या विचारात होता. त्याला धीर दिला तो महाराष्ट्रातल्या या सहप्रवाशाने. प्रांत निराळा, बोली निराळी. तरी ते दोघे एकमेकांशी बोलले.

यावर उत्तर तयार असते : माणूस पैसे मोजून विश्रांतीसाठी गेला आहे, त्याला अभ्यास करायचा नाही. हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. आयुष्यभर राबलेल्या जोडप्याने डेकवर बसून नुसता सूर्यास्त पाहिला तर त्यांना कोणी दोष देऊ नये. दोष आहे तो सहल आखणाऱ्यांचा. जहाज बालीच्या बेनोआ बंदराला लागते. तेथील हिंदू रोज त्रिसंध्येत गायत्री मंत्र म्हणतात, हे आधी सांगितले जात नाही. व्हिएतनाममध्ये दा नांगजवळ जहाज थांबते. तेथून मी सोनची चाम राजांनी बांधलेली शिवमंदिरे गाठता येतात, पण गटाची बस बाजाराकडे वळते, कारण जेवणाची वेळ सांभाळायची असते.

जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून 'गंगा विलास' निघाली, तेव्हा तिच्यावर स्वित्झर्लंडचे ३२ प्रवासी होते. बांगलादेशातून दिब्रुगडपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटर, एक्कावन्न दिवसांचा कार्यक्रम, आणि मुदपाकखान्यात भारतीय शाकाहारी जेवण, मद्य नाही. ते प्रवासी फेब्रुवारीच्या अखेरीस सुखरूप पोहोचले.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मिशन' घोषित केले. २०२९ पर्यंत क्रूझ-प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचा त्याचा संकल्प आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांनी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे लोकार्पण केले. येथून सुटणाऱ्या प्रत्येक जहाजाच्या केबिनमध्ये सुरक्षेच्या सूचना मराठीत लावल्या जाव्यात, कवायत मराठीत आणि हिंदीतही व्हावी, आणि भोजनगृहात पनीरशेजारी एक भांडे आमटीचे असावे, असे बंदर-प्राधिकरणाला आणि कंपन्यांना लेखी कळविण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. महाराष्ट्रातील सहल-कंपन्यांनी पुढच्या हंगामाच्या करारातच ही अट घालावी; एका पानावर मलय, थाई आणि जपानी भाषेतील वीस-पंचवीस शब्दही छापून द्यावेत, पहिला शब्द अर्थातच त्या त्या भाषेतील नमस्काराचा.