ग्राफिक्स कार्डची वाढीव गती आणि मे महिन्याचा पारा

लातूरच्या गंजगोलाई परिसरातील किंवा नांदेडच्या मोंढ्यातील एखादे आडत-व्यापाराचे घर डोळ्यांसमोर आणावे. दहावी-बारावीच्या निकालानंतर नातवाला गेमिंग लॅपटॉप मिळालेला असतो. किंमत बरीच असल्यामुळे घरात एक अलिखित करार होतो : दिवसा त्यावर टॅली आणि जीएसटीचे काम, रात्री नातवाचे खेळ. पुढे एके दिवशी नातू सांगतो, ‘आजोबा, याचं ग्राफिक्स कार्ड अजून वेगात चालवता येतं. एक पैसा लागत नाही.’ फुकट मिळणाऱ्या वस्तूविषयी व्यापारी माणसाच्या मनात जी शंका येते, ती येथेही योग्यच ठरते. तथापि मुलाचे म्हणणे खोटे नसते.

या प्रकाराला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. चिप एका सेकंदात किती ठोक्यांनी काम करील, हे उत्पादक ठरवून देतो. प्रत्येक चिपची क्षमता थोडी वेगळी असते. पण कमकुवत चिपलाही झेपावे म्हणून घोषित गती काहीशी हात राखून ठेवलेली असते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर तारणाची किंमत आणि मंजूर कर्ज यांच्यात जसे मार्जिन असते, तसेच हे मार्जिन होय. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३०० ए हा ३०० मेगाहर्ट्‌झचा स्वस्त प्रोसेसर अनेकांनी ४५० वर चालविला, तेव्हापासून हा छंद जगभर पसरला.

लॅपटॉपच्या बाबतीत मात्र हे मार्जिन तुटपुंजे असते. मोठ्या संगणकात ग्राफिक्स कार्ड वेगळे काढता येते. लॅपटॉपमध्ये ती चिप मदरबोर्डवरच पक्की जोडलेली असते. ती गेली तर बहुधा संपूर्ण बोर्ड बदलावा लागतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ९०० मालिकेतील लॅपटॉप चिपची गती वाढविण्याची सोय नव्या ड्रायव्हरमधून काढून टाकली होती. ग्राहक संतापले, आणि त्याच महिन्यात ती सोय परत देण्याचे कंपनीला जाहीर करावे लागले. सोय परत आली म्हणून जोखीम कंपनीने स्वतःकडे घेतली, असे नव्हे. वॉरंटीच्या कार्डावरील बारीक अक्षरे आधी वाचावीत. कर्जाच्या कागदांप्रमाणेच तीही कोणी वाचत नाही.

खरा शत्रू उष्णता आहे. चिपला लागणारी वीज गतीच्या प्रमाणात वाढते, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून गती थोडी आणि व्होल्टेज थोडे वाढविले, तरी उष्णता त्याहून पुष्कळ अधिक वाढते. पुण्याच्या आयसर संस्थेतील परम ब्रह्म या महासंगणकाला थंड राखण्यासाठी चिपजवळ थेट द्रव खेळविण्याची व्यवस्था करावी लागली. लॅपटॉपकडे असतात दोन छोटे पंखे आणि तांब्याच्या काही नळ्या.

मराठवाड्यात याचा हिशेब अधिक कडक होतो. पंखा खोलीतील हवाच आत घेतो. खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळजवळ तेवढीच अधिक तापते. डिसेंबरच्या रात्री नांदेडला सुरळीत चाललेली वाढीव गती मे महिन्यात, पारा चाळिशीपार गेल्यावर, टिकेलच असे नाही. अनेक एनव्हिडिया लॅपटॉप चिपमध्ये तापमान सुमारे ८७ अंशांवर पोहोचले की चिप स्वतःच गती कमी करते. म्हणजे एका हाताने वाढविलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते. पंख्याचा आवाज तेवढा पदरी पडतो.

ज्याला हे करायचेच आहे, त्याने प्रथम टॅलीच्या डेटाचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा. ही औपचारिकता नव्हे. नोंद चालू असताना यंत्र गोठले तर डेटाची फाइल बिघडू शकते, आणि मार्चअखेरच्या दिवसांत तो धक्का कोणत्याही खेळातील विजयापेक्षा महाग पडतो. त्यानंतर एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्रामने कोअरची गती एका वेळी २५ मेगाहर्ट्‌झच वाढवावी. प्रत्येक पायरीवर अर्धा तास जड खेळ किंवा थ्रीडीमार्कसारखी चाचणी चालवून तापमान पाहावे. पडद्यावर रंगीत ठिपके दिसू लागले, चित्र फाटले किंवा पडदा क्षणभर काळा होऊन परत आला, तर मर्यादा ओलांडली असे समजावे आणि दोन पायऱ्या मागे यावे. चिपकडून दोन सेकंदांत उत्तर आले नाही की विंडोज ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करते; तो काळा पडदा त्याचाच असतो. मेमरीची गती वाढविताना आणखी सावध राहावे. तेथील चुका कधी कधी दिसत नाहीत; यंत्र त्या गुपचूप दुरुस्त करीत राहते आणि वेग उलट घटतो.

संगणक सुरू होताच हीच गती आपोआप लावण्याचा पर्याय आठवडाभर तरी निवडू नये. अडचण आली तर यंत्र बंद करून सुरू करताच मूळ गती परत मिळते. चाचणी चार्जर लावूनच करावी; बॅटरीवर चिपला पुरेशी वीज मिळत नाही आणि निष्कर्ष फसवे निघतात.

इतके करून हाती काय येते? बहुधा पाच ते दहा टक्के. सेकंदाला ६० चित्रे दिसत होती, तेथे ६४-६५ दिसतील. त्यापेक्षा उलटा मार्ग लातूर-नांदेडच्या हवेला अधिक मानवतो : गती तीच ठेवून व्होल्टेज कमी करणे. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तर त्यावर अवलंबून असलेला विजेचा खर्च सुमारे १९ टक्क्यांनी घटतो. चिप थंड राहिल्यामुळे तिची नेहमीची गती उन्हाळ्यातही टिकते, आणि पुष्कळदा खेळात तेवढाच लाभ होतो. येथेही पायरी-पायरीनेच जावे, कारण व्होल्टेज फार कमी झाले तरी यंत्र गोठते.

याहूनही आधी करण्याचे काम झाडूपोताऱ्याच्या जातीचे आहे. दुकानात ठेवलेल्या लॅपटॉपच्या जाळीत डाळीचे फोलपट, कापसाचे तंतू आणि मोंढ्याची धूळ वर्षभरात घट्ट बसते. यंत्र बंद करून, चार्जर काढून, मऊ ब्रशने व हवेच्या हलक्या झोताने जाळी मोकळी करावी. झोत सोडताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे, नाहीतर ते भरधाव फिरून बेअरिंग खराब होते. पावसाळ्यात दिव्याकडे येणारे किडे या पंख्यात ओढले जातात. त्यामुळे रात्री लॅपटॉप उघड्या खिडकीजवळ चालू न ठेवणे जीवदयेच्या दृष्टीनेही बरे. गादीवर ठेवून खेळण्याची सवय तर मोडावीच. तळाची जाळी बंद होते. मागची बाजू दोन बोटे उंच राहील असा लाकडी ठोकळा खाली ठेवला, तरी तापमानाच्या आकड्यात फरक दिसतो, आणि तो आफ्टरबर्नरच्याच पडद्यावर आजोबांना दाखविता येतो.