जुनी गाडी: ठेवावी की विकावी?

घरची गाडी दहा-बारा वर्षांची झाली, गॅरेजच्या फेऱ्या वाढल्या, की वाद ठरलेला. मुले म्हणतात, विकून टाका. अब्बा म्हणतात, अजून चालते आहे. दोघांचेही बरोबर असू शकते. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे.

याचा मोठा धडा आपल्याच शहराने दिला आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघू लागली आणि तीच पुढे ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट. त्या काळी गाडी नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून हाती आलेली गाडी माणसे जपत. ती बिनदोष मुळीच नव्हती. उन्हात पेट्रोल ओढणारा पंप तापून गाडी बंद पडे, मग त्यावर ओले फडके ठेवून थांबायचे. खाऱ्या हवेने पत्रा खालून सडे. पण यंत्र साधे होते, दोष ओळखीचे होते, सुटा भाग ऑपेरा हाऊसच्या दुकानांत मिळे आणि गल्लीतला मिस्त्री तो बसवून देई.

मग ती गेली कशाने? उत्पादन थांबले, सुटे भाग दुर्मिळ झाले आणि टॅक्सीला वयाची मर्यादा आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षे भरताच, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली.

म्हणजे गाडीचे आयुष्य इंजिनाइतकेच सुट्या भागांवर असते. शेव्हरोलेने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. जुनी सेडान स्वस्तात मिळत असेल, तर आधी तिचा क्लच, हेडलाईट आणि बंपर कुठे व कितीला मिळतो ते विचारून या. आजच्या गाडीत सेन्सर आणि कंट्रोल युनिट असतात. तिथे पाना-पकडीचे फारसे चालत नाही, बहुधा भागच बदलावा लागतो.

घरात एक वही ठेवा. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, विमा, पार्किंग, सगळे लिहा. वर्षाची बेरीज करा आणि तेवढ्या पैशांत टॅक्सीच्या किती फेऱ्या झाल्या असत्या ते पाहा. पण हिशोब नुसता रुपयांचा नको. आजीला रात्री-अपरात्री परळच्या केईएमला न्यावे लागत असेल, तर दारातल्या गाडीचे मोल वेगळे. मात्र तीच गाडी ऐन वेळी सुरू होत नसेल, तर ती असून नसल्यासारखी. ब्रेक, स्टिअरिंग आणि खालच्या सांगाड्याचा गंज, या तीन बाबतींत चालढकल नकोच.

पावसाळ्यात सेडानला विशेष जपावे, कारण तिचे पोट जमिनीजवळ असते. हिंदमाताला पाणी भरले असेल तर वाट बदला. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च फार मोठा येतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरत नाहीत. इंजिनाचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. हा खर्चही वहीत धरा.

आणि विकायचेच ठरले, तर दोष सांगून विका. गाडी पाण्यात बुडाली होती, अपघातात सापडली होती, हे लपवले तर चार पैसे जास्त येतील. पण त्या गाडीत उद्या दुसऱ्या कुणाची लेकरे बसणार आहेत. सांगून कमी आलेली किंमत हलाल, ती सुखाने खर्च करता येते. व्यवहार झाला की फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्या. कागदावर तुमचे नाव राहिले, तर गाडी गेली तरी जबाबदारी तुमच्याच दारात उभी राहते.