घड्याळ उशिरा बोलतं!

हल्ली आमच्या ग्राउंडवर पळणाऱ्यांच्या माना खाली असतात. सगळं लक्ष मनगटावर! ठोके १८० च्या वर गेले की घड्याळ थरथरतं आणि आपला गडी वेग कमी करतो. ५००० मीटर जिंकायला उतरलेल्या मुलाने शेवटच्या दोन राउंडमध्ये त्या डबीचं ऐकावं, हे मला काही पटत नाही.

कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिलेल्यांना वेगळं सांगायला नको. फीडबॅक उशिरा आला की सिस्टिम हेलकावे खाते. इथे तेच होतं. तुम्ही सुसाट सुटलात तरी हृदयाचे ठोके त्या श्रमाच्या पातळीला पोचायला मिनिट-दोन मिनिटं घेतात. तेवढ्यात ४०० मीटरचा एक राउंड संपतो! घड्याळ १५० दाखवतंय म्हणून पठ्ठ्या अजून रेटतो आणि तिसऱ्या राउंडला तोंडाला फेस. त्यात मनगटावरचा सेन्सर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची स्पंदनं टिपतो. हात जोरात हलले की कधी कधी तो ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतो. छातीचा पट्टा (फिनलंडच्या पोलारने १९८२ साली वायरलेस आणला तो) हृदयाचे विद्युत सिग्नल घेतो, त्यामुळे बराच बरा. पण उशीर मुळात हृदयाचाच, त्याला पट्टा काय करणार?

बरं, १८० तरी आले कुठून? २२० वजा वय, त्याचे ९० टक्के! २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यास एकत्र करून २०८ वजा ०.७ गुणिले वय असं सूत्र दिलं. विसाव्या वर्षी २०० ऐवजी १९४. पण तीही सरासरीच. धडधाकट माणसातही दहा-बारा ठोके इकडे-तिकडे सहज असतात. शिवाय मे महिन्यात घाम गळायला लागला की वेग तोच, तरी ठोके चढतच जातात.

घड्याळ फेकून द्या असं मी म्हणत नाही. सावकाश पळायच्या दिवशी लगाम म्हणून ते झकास आहे, कारण त्या दिवशी आपल्याला दम धरवत नाही. जोराच्या दिवशी मात्र श्वास ऐकावा. स्वीडनच्या गुन्नार बोर्गने 'किती दमलोय' याला ६ ते २० आकडे दिलेत, बॅटरी लागत नाही! आणि छातीत दुखलं किंवा गरगरलं तर आकडा काहीही असो, थांबायचं.

क्रीडा प्रतिनिधींना एक विनंती. यंदाच्या निवड चाचणीत घड्याळं जमा करून घ्या आणि प्रत्येक राउंडची वेळ कडेला उभं राहून ओरडून सांगा. तो फीडबॅक तरी वेळेवर मिळतो.