वजनाचा जाब हवेलाही विचारा

वजन वाढलं की सल्ले फुकट मिळतात. 'वडापाव बंद कर', 'मोबाइल ठेव आणि पळायला जा'. घरचे असोत, कट्ट्यावरचे मित्र असोत की रील्सवाले फिटनेस गुरू, सगळ्यांचं म्हणणं एकच : चूक तुझीच. पण दिवसभर आपण जी हवा आत घेतो, तिला कुणी जाब विचारतं का?

लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी विचारला. मुळातच वजन जास्त असलेल्या 314 लॅटिनो मुलामुलींवर त्यांनी काही वर्षं लक्ष ठेवलं. सुरुवातीला ही मुलं 8 ते 15 वर्षांची होती. 2017 मध्ये निष्कर्ष आले. जिथे हवेत नायट्रोजन डायऑक्साइड आणि पीएम 2.5 हे सूक्ष्म कण जास्त, तिथल्या मुलांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद अधिक वेगाने कमी होत गेला. अंगातली चरबी हिशेबात धरूनही हा फरक उरलाच. इन्सुलिनचं काम असं बिघडत गेलं, की पुढे टाइप 2 डायबेटिसचा धोका वाढतो.

'मग काय, पिझ्झा मागवू आणि दोष हवेला देऊ!' असं कुणी म्हणेल. तसं अजिबात नाही. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, प्रत्येकाच्या वजनाचं कारण सापडत नाही. खाणं, झोप, व्यायाम यांना पर्याय नाहीच. पण डबा आपला आपण बदलू शकतो. हायवेला लागून खोली असणाऱ्याने हवा कुठून बदलून आणायची?

पीएम 2.5 ची वार्षिक सरासरी घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅमच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून सांगतेय. आपल्या देशातली मर्यादा आहे 40. थेट आठपट! म्हणजे आपल्याकडे नियमात बसलेली हवासुद्धा 'चांगली' असेलच असं नाही.

म्हणून आपल्या कॉलेजपासून सुरुवात करू या. जिमखान्याच्या नोटीस बोर्डवर रोजचा एक्यूआय लागू दे. हवा वाईट असेल त्या दिवशी मैदानावरचा सराव हॉलमध्ये होऊ दे. गेटबाहेर इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हटकू या. आणि आपल्याकडे मत मागायला येणाऱ्यांना विचारू या, हा 40 चा आकडा खाली कधी आणणार?

तोवर एक गोष्ट तर आजच जमेल. वर्गातल्या कुणाला 'जाड्या', 'ढोली' म्हणणं बंद.